म्हातारीला विचारायचा वसा

ऐका बायांनो, दोष दाजीबाचा. मागाहून ग्रहांवर ढकलू नका.

असंच एक आटपाट गाव होतं. दाजीबा तिथला पंच. साऱ्या गावाला न्याय सांगे, घरी आईच्या तोंडचा शब्द काढून घेई. आई भिवराबाई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. घरात पणती जन्मली, तिचं तोंड दिसेना. मग म्हातारी चाचपून बघे. नाक बघे, कान बघे.

एके दिवशी दारी समाजसेविका आली. "आजींना डोळ्यांच्या शिबिरात नेते. मोतीबिंदू काढतील." दाजीबा म्हणाला, "या वयात डोळे काय करायचेत? तिला नको." मग ती गेली. दुसऱ्यांदा आली. "आजींनाच विचारते." "तिला ऐकू येत नाही." मग ती गेली. तिसऱ्यांदा आली. "ती झोपलीय." तशी आतून म्हातारी ओरडली, "जागी आहे गं बाई! नि बहिरी तर मुळीच नाही!"

मग सेविका आत गेली, भुईवर बसली. "आजी, तुम्हांला काय हवं?" म्हातारीला रडू फुटलं. "पोरीचं तोंड बघायचंय. काय सांगू बाई, सासूच्या वेळी मीच म्हणे, तिला काय कळतंय! लहानगा लेक तेव्हा ऐकत होता."

पोरीच्या आईनं, नातसुनेनं, सेविकेला हात जोडले. "बाई, बाई, हा वसा मला सांगा." "उतशील, मातशील." "उतत नाही, मातत नाही." "मग ऐक. म्हाताऱ्या माणसापुढं खाली बसावं. त्याचं त्यालाच विचारावं. उत्तर येईतो मधे कुणी बोलू नये." नातसुनेनं वसा घेतला. दाजीबा म्हणाला, "बायकांचे चाळे!" बाकीचे पंच दात काढून हसले. सगळे साठीचे. अक्कल कुणाला नाही.

सेविकेनं म्हातारीला शिबिरात नेलं. डोळा झाला, पट्टी सुटली. भिवराबाईनं पणतीचं तोंड पाहिलं, पोटभर पाहिलं. मग लेकाचं पाहिलं. "दाजी, तूही म्हातारा झालास की रे! तुला कोण विचारील?" दाजीबाला राग आला. आईशी बोलेनासा झाला.

मग म्हातारीचा शेवट जवळ आला. दाजीबा गंगेची लोटी घेऊन धावला. पंच मागोमाग. नातसून खाली बसली. "आजी, पाणी कुणाच्या हातचं घ्याल?" पंच खेकसले, "हे काय विचारणं? मान लेकाचा!" "मधे बोलू नका," नातसून म्हणाली. म्हातारीचे ओठ हलले. दाजीबाला तेवढाही धीर निघेना. "माझ्याच हातचं म्हणतेय ती!"

भिवराबाईनं तोंड मिटलं. उघडलं ते नातसुनेच्या पळीपुढं.

भिवराबाईला जशी विचारणारी भेटली, तशी तुम्हां-आम्हां भेटो. आणि थोरल्यांनो, माना डोलावू नका, आधी गप्प बसायला शिका. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत पुरी:

आईनं लेकाचं पाणी घेतलं नाही.