पालथी थाळी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात माणसांबरोबर धुकंही राहायचं. पहाटे ते गल्लीबोळांतून हिंडायचं, विहिरीवर रेंगाळायचं, आणि उन्हं आली की आळस देत वर डोंगरावर निघून जायचं. अशा त्या गावात एक कासारीण राहत होती. तिचं नाव भिवरा. गावच्या लेकीसुनांना बांगड्या भरता भरता तिचे केस पिकले होते, पण हात अजून लोण्यासारखा मऊ होता.

डोंगराच्या माथ्यावर देवीचं ठाणं होतं आणि तिथं एक मोठी पितळी घंटा टांगलेली होती. सुगी सरली की गावात घंटेची शर्यत व्हायची. सूर्य उगवला की वेशीतून निघायचं, डोंगराच्या सोंडांमागून सोंडा ओलांडायच्या, आणि सूर्य मावळायच्या आत माथ्यावर पोचून घंटा वाजवायची. सूर्य बुडाला की गुरव घंटेचा लोलक बांधून टाकायचा. मग प्रत्यक्ष राजा आला तरी तो सोडत नसे.

या शर्यतीची एक रीत होती, बरं का. धावणाऱ्यानं निघण्याआधी ज्या थाळीत न्याहारी केली, ती थाळी घासूनपुसून दाराच्या उंबऱ्यावर पालथी ठेवायची. प्रत्येक घराचे टोल ठरलेले असत. कासारांचे दोन टोल जवळजवळ आणि तिसरा लांब. आपल्या घरचे टोल ऐकू आले की घरच्यांनी थाळी सुलटी करायची आणि पळीनं दणादण वाजवायची. रात्री त्याच थाळीत धावून आलेल्याला गरम गरम जेवायला वाढायचं. पण घंटा न वाजवताच माणूस परतला, तर त्याची थाळी तशीच पालथी फळीवर जायची. त्यानं स्वतः घंटा वाजवेपर्यंत कुणी तिला सुलटी करायची नाही, की तिच्यात जेवायचं नाही.

भिवराच्या घरात फळीवर अशी एक थाळी होती. तिचीच.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा विशीतली होती, हरणासारखी चपळ. त्याच वर्षी ती शर्यतीत उतरली. हातात हिरवा चुडा किणकिणतोय, पदर खोचलेला, आणि ही बाई गड्यांच्याही पुढे! सगळं गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. वाटेत झरा लागला, ती थांबली नाही. बसायचा कातळ लागला, ती बसली नाही. आणि शेवटच्या चढाच्या तोंडाशी एक जुना उंबर आहे, तिथं तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती जी मटकन बसली, ती उठलीच नाही. लोकांनी धरून खाली आणली. सासूनं थाळी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "राहू दे गं पोरी. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष कसलं येतंय! पुढच्या वर्षी पाळणा हलला, मग दुकान वाढलं, मग मुलांची लग्नं झाली. मुलं आपापल्या गावी गेली आणि घरात म्हातारा, म्हातारी आणि ती थाळी उरली.

आता भिवराला त्या थाळीचं तसं काही वाटत नसे. पण एक दिवस तिच्या हातून बांगड्यांची अख्खी माळ फरशीवर पडली. केवढा आवाज झाला! शेजारची तेलीण धावत आली. आणि म्हातारा कासार मात्र पाठमोरा बसून निवांत सुपारी कातरत होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

यांचे कान चालले, भिवराच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं मनात आलं, ते असं की यांनी माझी घंटा कधी ऐकलीच नाही. इतकी वर्षं नांदलो, दोघांनी सगळं पाहिलं, पण माझे तीन टोल काही यांच्या कानी पडले नाहीत. आणखी वर्षभरानं मी वाजवली तरी ऐकणार कोण?

त्या संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, अगदी कानाशी तोंड नेऊन. "अहो, औंदा मी धावणार."

म्हातारा म्हणाला, "धाव की. तुला कुणी बांधून ठेवलंय?"

गावानं मात्र तिची चांगलीच खिल्ली उडवली. "काकू, गुडघ्यांना वंगण घातलंत का?" कुणी विचारायचं. "त्यापेक्षा घंटाच खाली आणून ठेवू का तुमच्यासाठी?" तेलीण तर तोंडावर म्हणाली, "साठी झाली नि बुद्धी नाठी!" भिवरा हसायची आणि त्यांच्या हातात बांगड्या भरायची. चिडून करणार काय? सगळी गिऱ्हाइकंच ती.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे धुक्यात सरावाला निघाली. उंबराच्या पलीकडे शर्यतीच्या दिवसाखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही असा देवीचा दंडक होता, म्हणून उंबरापर्यंत जायचं आणि परत यायचं. सोंडांचा लांब फेरा शर्यतीपुरता; सरावाला ती वेशीतून झऱ्याकडची जवळची वाट धरायची.

पहिल्याच दिवशी एक नवल घडलं. वेस ओलांडली तोच पुढं धुक्यात किणकिण ऐकू आली. भिवरा थबकली. बांगडीचा आवाज तिच्याइतका कुणाला कळणार? हा नव्या नवरीचा चुडा, आणि तोही तिच्याच दुकानातला, जुन्या काळच्या जाड काचेचा. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. धुक्यात एक पोरगी पळत होती. पदर खोचलेला, पाय जमिनीला लागतात न लागतात. तिनं मागं वळून पाहिलं आणि हसली.

भिवरानं ते हसू ओळखलं. आरशात कितीदा तरी पाहिलं होतं.

"थांब गं!" ती ओरडली आणि तिच्यामागं धावत सुटली. पण ती कसली थांबतेय! झरा आला, पोरगी थांबली नाही, म्हणून भिवराही थांबली नाही. कातळ आला, पोरगी बसली नाही, म्हणून भिवराही बसली नाही. छाती भात्यासारखी चालायला लागली. आणि उंबर आला तशी पोरगी धुक्यात विरून गेली, किणकिणसुद्धा उरली नाही.

असं रोज व्हायला लागलं. रोज ती पुढं, ही मागं. "काल हीच तर मी होते," भिवरा स्वतःशी पुटपुटायची, "मग आज गाठता का येऊ नये?" शेवटी एका सकाळी तिचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि ती कुंपणाला धरत धरत घरी आली.

म्हाताऱ्यानं तेल कोमट केलं आणि गुडघा चोळायला बसला. भिवरानं रडत रडत त्याला सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदोनदा. त्याला खोटं वाटलं नाही. त्या गावच्या धुक्यात काय काय दिसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"पोरगी छान आहे," तो म्हणाला. "मी तिच्याशी लगीन केलंय."

"चेष्टा नका करू हो."

"चेष्टा नाही गं. मला एक सांग, तुझ्या दुकानात साठीची बाई आली आणि म्हणाली, मला विशीतल्या मापाची बांगडी भर, तर काय करशील?"

"भरणार नाही. जबरदस्ती केली तर बांगडी फुटेल, हातही कापेल."

"मग रोज सकाळी तू तेच करतेयस की."

आयुष्यभर भिवरा बायकांचे हात दाबून माप सांगत आली होती. आपलं माप घ्यायचं मात्र राहूनच गेलं होतं.

गुडघा उतरल्यावर ती पुन्हा निघाली. पोरगी पुन्हा दिसली, हसली आणि पळाली. भिवरानं तिला जाऊ दिलं. ती आपल्या चालीनं निघाली; चढावर चालायची, सपाटीवर जरा पळायची. झऱ्याशी ओंजळभर पाणी प्यायची, कातळावर टेकून श्वास शांत करायची, मग उठायची. पोरगी पुढं कुठंतरी किणकिणायची, आणि हळूहळू भिवराला ती सोबत आवडायला लागली.

इकडे म्हातारा दारात बसून असायचा. पूर्वी ती कधी येईल याचा नेम नसे; कधी लवकर, कधी लंगडत उशिरा. आता ऊन तुळशीकट्ट्याच्या पहिल्या दगडावर आलं की तो चुलीवर पेज ठेवायचा, आणि पेजेला कढ येतोय तोच भिवरा दारात हजर.

शर्यतीचा दिवस उजाडला. भिवराची थाळी आधीच पालथी होती, म्हणून तिनं पानावर न्याहारी केली. म्हाताऱ्यानं फळीवरून थाळी काढली, पालथीच धरून चिंचेनं लख्ख घासली आणि उंबऱ्यावर पालथी ठेवली.

"ऐकाल ना?" तिनं विचारलं.

"कान टवकारून बसतो," तो म्हणाला.

सूर्य उगवला आणि तरणी मंडळी बाणासारखी सुटली. बघता बघता भिवरा सगळ्यांच्या मागं एकटी राहिली. दुपार झाली. वरून एकेका घराचे टोल ऐकू यायला लागले आणि खाली थाळ्या घणघणायला लागल्या. भिवरा अजून सोंडा ओलांडत चालत होती.

ऊन कलायला लागलं तसं धुकं परत खाली उतरलं, आणि कधी नव्हे ती पोरगी अगदी जवळ आली. "चल ना गं!" ती म्हणाली. "सूर्य बघ कुठं गेला! लोलक बांधून टाकतील. म्हातारा तिकडं कान देऊन बसलाय, आणि तू अशी बैलगाडीसारखी! पळ माझ्याबरोबर!"

खरंच होतं ना ते. ही शेवटचीच संधी होती. भिवरा पळाली, दहावीस पावलं जीव तोडून पळाली, तोच ठेच लागली आणि मनगटातली एक बांगडी दगडावर आपटून फुटली. काचेकडे बघत ती उभी राहिली. श्वास धाप धाप चालला होता. मग तिनं मान हलवली.

"तू हो पुढं, बाळा," ती म्हणाली. "मी येते मागून." पोरगी पळाली. भिवरा झऱ्याशी जाऊन रोजच्यासारखं ओंजळभर पाणी प्यायली, कातळावर रोजच्याइतकीच टेकली, आणि उठून चालायला लागली. असं करताना तिच्या मनात किती धाकधूक झाली असेल, तिचं तिला माहीत!

उंबरापाशी आली तर काय? पोरगी विरून गेली नव्हती. बुंध्याशी पाय पसरून बसली होती आणि हमसून हमसून रडत होती.

"काय झालं गं?"

"पुढचा रस्ता मला ठाऊक नाही," पोरगी म्हणाली. "मी इथून पुढं कधी गेलेच नाही."

भिवराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस जिच्यामागं ती जीव टाकत होती, ती बिचारी दमून इथंच बसून राहिली होती, इतकी वर्षं, एकटी.

"मीही नाही गेले," भिवरा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. "ऊठ. बघत बघत जाऊ. पण माझ्या चालीनं हं."

दोघी चढाला लागल्या. धुकं इतकं दाट झालं की पायांखालची वाट दोन पावलांपुरतीच दिसे. आपण चढतोय की तरंगतोय, तेही भिवराला कळेना. हातात मात्र एक गरम, घामेजलेला हात होता. मग एकदम धुकं खाली राहिलं आणि वर लालभडक आभाळ आलं. सूर्याची जेमतेम कड उरली होती. गुरव दोरी घेऊन उठतच होता.

"दादा, थांबा जरा!" भिवरा म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी लोलकाचा दोर धरला. तिच्या हातांवर आणखी दोन हात आले, हिरव्या चुड्याचे. दोन टोल जवळजवळ, आणि तिसरा लांब.

तिनं शेजारी पाहिलं तर कुणी नव्हतं. मग तिनं जीव कानांत गोळा केला. खाली नुसतं पांढरं धुकं होतं. घंटेचा नाद विरत विरत अगदी संपत आला, आणि खालून, खूप खोलातून, थाळी वाजली. दणादण, दणादण, थांबायचं नाव नाही. भिवरा देवीच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली.

ती घरी पोचली तेव्हा दारात दिवा होता, थाळी सुलटी होती आणि तिच्यात वाफाळता भात, वर तुपाची धार. तेलीण उंबऱ्याशी उभी होती. "काकू, काय सांगू!" ती म्हणाली. "तुमचे टोल आणि काकांची थाळी अगदी एकदमच! आधी काय वाजलं तेच आम्हाला कळलं नाही."

भिवरा नवऱ्यापाशी बसली. "ऐकू आली ना हो माझी घंटा?"

म्हाताऱ्यानं आधी भातावर थोडं मीठ वाढलं. मग म्हणाला, "खरं सांगू? नाही आली. गेल्या सालीच कुणाची घंटा ऐकू आली नव्हती मला. तुला सांगितलं असतं, तर तू धावली असतीस का?"

भिवराचा घास हातातच राहिला. "मग थाळी कशी वाजवलीत?"

"त्यात काय? उंबर गाठून परत यायला तुला किती ऊन सरतं ते रोज बघतोय. सोंडांचा फेरा आणि पुढचा चढ अंदाजानं धरला. धुक्याआडून सूर्याची लाल कड तेवढी उरलेली दिसली, तशी म्हटलं, आता पोचली असेल. सुलटी केली थाळी आणि लागलो वाजवायला." त्यानं तिच्या मनगटाकडं पाहिलं, जिथं एक बांगडी कमी होती. "ती विशीतली असती, तर मला काही सांगता आलं नसतं. ती कधी पळेल, कधी बसेल, देव जाणे. तुझी चाल मात्र मला पाठ झालीय. जेव आता, निवतंय."

ती जेवली. त्या शर्यतीत पहिलं कोण आलं होतं? खरंच आठवत नाही, पोरांनो. कुणीतरी आलं असेल.

तात्पर्य एवढंच: आपल्या तरुणपणाशी शर्यत लावू नये, हात धरून त्याला आपल्या चालीनं सोबत न्यावं. आणि आपल्या चालीनं जाणाऱ्याची वाट बघणाऱ्याला घंटा ऐकू आली नाही तरी चालतं.