डोळ्यांदेखत वाढलेली खडीसाखर

"वाढते? खडीसाखर वाढते? ती काय दुधी भोपळा आहे?" महाराज धीरसेन सिंहासनावरून कडाडले.

समोर तुळाजी हलवाई उभा होता. बिचाऱ्याची चूक एवढीच, की "खडे इतके बारके का?" असं महाराजांनी विचारल्यावर तो खरं बोलला होता. "महाराज, अजून वाढतायत. पाकात दोरा सोडलाय, त्यावर हळूहळू धरतील. थोडा दम धरावा."

दम धरणं आणि महाराज धीरसेन! नाव धीरसेन, पण आज आंब्याची कोय पुरली तर उद्या उकरून बघणारा हा राजा. त्याने पाकाचं पातेलं दरबारातच आणवलं. मग काय विचारता! घडीघडीला वर झाकलेलं फडकं उचललं, पातेलं हलवलं, बोट घालून ढवळलं, बोट चाटलं आणि पुन्हा ढवळलं. खडे धरायचे राहिले बाजूला, सगळा पाक रवाळ होऊन तळाशी बसला.

"बघा! काही वाढलं नाही! हलवाई लबाड आहे! याचं दुकान रिकामं करा आणि तिथे आमचा हत्ती बांधा!"

तुळाजीने हात जोडले. दुकान आजोबांपासूनचं, आणि राहतं घरही त्याच्याच माडीवर. इतक्यात त्याची मुलगी बायजा पुढे झाली.

"महाराज, तुमच्या डोळ्यांदेखत खडीसाखर वाढवून दाखवली तर?"

"तर दुकान तुमचं! पण दोरा घालायचा नाही. तुमची सगळी लबाडी त्या दोऱ्यात असते, कळतं मला! काडी नाही, काटकी नाही. तुमच्या घरची एकही वस्तू पाकात पडता कामा नये. मी स्वतः पातेल्यापाशी बसणार आणि टक लावून बघणार!" महाराजांनी ऐटीत मिशीला पीळ दिला. मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकं छातीवर रुळत होती.

बायजा त्या मिशीकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कबूल!"

"अगं बाये, काय कबूल?" तुळाजी कुजबुजला. "दोऱ्याशिवाय खडा धरणार कशावर? माझ्या टकलावर?"

"तुमचं टक्कल फार गुळगुळीत आहे, आबा. तुम्ही फक्त पाक चांगला दाट करा." मग ती महाराजांकडे वळली. "माझ्याही दोन अटी आहेत. पाकाला धक्का सोसत नाही. म्हणून काम होईपर्यंत नौबत वाजायची नाही आणि हत्ती नदीपलीकडे राहील. दुसरं म्हणजे महाराजांनी पातेल्याला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"बघू की! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी निवलेल्या पाकाचं पातेलं दरबारात आलं. बायजाने ते गोधडीच्या घडीवर ठेवलं. महाराज श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून आले, वर मुदपाकखान्यातले साखर भुरभुरलेले चिरोटे खात खातच आले. निम्मी साखर पोटात गेली, निम्मी मिशीत. हुजऱ्या रुमाल घेऊन धावला.

"राहू दे रे!" बायजा ओरडली. "रुमाल झटकशील आणि पाकाला धक्का बसेल!"

तिने महाराजांना गादीवर पालथं झोपवलं, हनुवटीखाली लोड दिला आणि पातेलं अगदी तोंडाशी सरकवलं. "वाढ फार बारीक असते, महाराज. अशी जवळूनच बघावी लागते."

महाराज डोळे वटारून बघू लागले. थोड्या वेळाने ते एकाच डोळ्याने बघू लागले. मग घुर्र... घुर्र...

"आली का पंचाईत!" दिवाणजींनी कपाळावर हात मारला. "या घोरण्याने पातेलं हलेल की!"

बायजाने पातेल्याखाली आणखी एक गोधडी सारली. नौबत बंद, हत्ती नदीपार, आणि महाराजांना हलवून उठवायची कुणाची छाती? श्रीखंडाने आपलं काम चोख केलं. महाराजांना जाग आली ती दुसऱ्या दिवशी, उन्हं नाकावर आल्यावर!

पडल्या पडल्याच त्यांनी पातेल्यात डोकावलं. तळ स्वच्छ दिसत होता.

"हॅ! काहीच नाही! हत्ती आणा रे!"

"महाराज," बायजाने अदबीने विचारलं, "मधे डोळा तर लागला नाही ना?"

"माझा? राजाचा? पापणीसुद्धा लवली नाही! विचार या सगळ्यांना!"

सगळा दरबार छताकडे बघू लागला.

"मग आता मान वर करावी, महाराज."

महाराजांनी मान उचलली. टण्ण! पातेल्याच्या काठावर काहीतरी आपटलं. मिशीच्या दोन्ही टोकांना खडीसाखरेचे घोस लोंबत होते, चांगले द्राक्षांएवढाले!

"दोरा नाही, काडी नाही," बायजा म्हणाली. "आमच्या घरचं काही पाकात पडलं नाही. रात्रभर पाकात बुडाली ती मिशी महाराजांची, आणि खडे धरले ते तुमच्याच चिरोट्यांच्या साखरेवर. आणि महाराजांची पापणी लवली नाही, म्हणजे सगळी वाढ डोळ्यांदेखत झाली! का महाराज झोपले होते असं म्हणू?"

महाराजांनी एकदा मिशीकडे पाहिलं, एकदा दरबाराकडे. झोपलो म्हणावं तर राजा खोटा, जागा होतो म्हणावं तर हलवाई खरा! तेवढ्यात डावीकडचा घोस ओठाला लागला. त्यांनी जीभ बाहेर काढून हळूच चाटून पाहिला. मग आख्खं पोट हलवत ते असे हसले, की मिशी घुंगरांसारखी वाजायला लागली.

"वाढली रे वाढली! माझ्या डोळ्यांदेखत, अगदी नाकाखाली वाढली! तुळाजी, दुकान तुझं. पोरी, मुदपाकखान्यातलं सगळ्यात मोठं तांब्याचं पातेलं तुला बक्षीस! आणि हत्तीला म्हणावं, नदीपलीकडेच राहा!"

हुजऱ्या लगबगीने गरम पाण्याचं घंगाळ घेऊन आला. "महाराज, मिशी धुवायची ना?"

"खबरदार!" महाराज दोन्ही हातांनी मिशी झाकत गरजले. "आधी डावीकडची संपू दे!"