पुतळी गाबतीण आणि खोताच्या घरचं लग्न

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणजोबांचेही पणजोबा झोळीत झोपत होते तेव्हा, वेळवी नदीच्या मुखाशी खारगाळ गावात पुतळी नावाची मासेमार गाबतीण राहायची. ओहोटी लागली की लुगड्याचा काचा मारून ती खाडीच्या चिखलात उतरायची आणि टाचेनं चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. तिची टाच इतकी शहाणी होती की खाली शिंपला आहे, खेकडा आहे की नुसता दगड, हे तिला वाकण्याआधीच कळायचं, असं म्हणतात. तिच्या मागोमाग गावातल्या चाळीस बाया उतरत आणि चाळीस चुली त्यावर पेटत.

गावचे खोत आबाजी. त्यांच्या मुलीचं, कावेरीचं, लग्न घाटावरच्या इनामदारांकडे ठरलं. वऱ्हाड येणार खाडीपलीकडून, आणि मध्ये गुडघाभर चिखल. खोतांना त्या चिखलाची लाज वाटली. त्यांनी नदीच्या अरुंद मुखावर दगडमातीचा बांध घातला, वरून वाळू पसरली आणि भरतीचं पाणी बाहेरच थांबवलं.

तीन दिवसांत चिखल वाळून तडकला. तिसऱ्या तोंडं उघडून मेल्या. बोयमासे बांधापलीकडे ताटकळले. बगळे दोन दिवस वाट बघून निघून गेले. चाळीस घरांत नुसती पेज शिजू लागली. पुतळीला फार वाईट वाटलं, आणि तिला वाईट वाटलं की राग यायचा. ती तडक खोतांच्या ओसरीवर गेली.

“आबानू, ह्यो चिखल म्हंजे आमचा ताट. ता सुकवलात, मगे आमी खावचा काय?”

“पुतळे, माणसं मोठी आहेत. चिखलातून आणू काय त्यांना? लग्न होऊ दे, मग बघू.”

“मगे आमचा पण आमंत्रण धरा,” पुतळी म्हणाली आणि निघाली. खोतांना वाटलं, गाबतांची चार पानं वाढतील, वाढू देत.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड बांधावरून कोरड्या पायांनी आलं. भर दुपारी पंगत बसली. तेवढ्यात वाटेवर खसखस असा आवाज झाला. पुढे पुतळी, आणि मागे खाडीतले एकूण एक खेकडे, तिरपे तिरपे चालत, असं म्हणतात. “चला गो बायांनो,” ती त्यांना सांगत होती, “खोताकडे जेवण असा.”

खेकड्यांनी मांडव भरला. लाडू तिरपे तिरपे बाहेर जाऊ लागले. तीन लढाया मारलेले इनामदार मांडवाच्या खांबावर चढले आणि एक खेकडा त्यांच्या पागोट्याचा शेमला धरून तिथवर पोचला. भटजी तांदळाच्या कोठीत शिरले आणि कडी आतून लावली.

“पुतळे, ह्यांना परत ने,” खोत म्हणाले.

“खंय नेऊ? त्यांच्या घराक तुमी कुलूप घातलात. आता ती हयच ऱ्हवतली. पोराबाळा पण हयच होतली.”

खोतांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दोन खेकड्यांनी चुलीशेजारी जागा धरलेली होती. मग त्यांनी स्वतः फावडं उचललं. मागोमाग वऱ्हाडी रेशमी धोतरं खोचून बांध फोडायला लागले. भरतीचं पाणी आत घुसलं आणि खेकडे त्याच्या वासानं घरी गेले. नवरदेव मात्र फुटल्या बांधावरून घसरून कमरेपर्यंत गाळात रुतला. त्याला पाहून कावेरी इतकी हसली की तोही हसला, आणि दोघांचा संसार सुखाचा झाला.

पुढे पुतळीचं काय झालं, कोणी नक्की सांगत नाही. एका ओहोटीला ती उतरली आणि चालतच राहिली, असं म्हणतात.

आता खाडीवर चांगला पूल आहे. तरी खारगाळात नवरदेव पुलापलीकडेच गाडीतून उतरतो, बूट हातात घेतो आणि पुतळीच्या नावानं चिखलातून चालत येतो. गुडघ्याला गाळ नसेल तर सासू ओवाळत नाही. गेल्या वैशाखात पुण्याचा एक नवरदेव भर भरतीला पोचला. मुहूर्त टळला, भटजी कुरकुरले, मुलीचा बाप घामाघूम झाला. पण सगळे काठावर बसून राहिले, कारण खाली पाण्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाबतिणी हात वर करून सांगत होत्या, “थांबा, अजून पाणी उतराक नाय.”