देणाऱ्याचं नाव

"पण ते कुणाचं, हे तरी कळायला नको का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

अमृतबुवा मठाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते.

बाईंचं दुखणं जुनं. मठाच्या पायथ्याशी त्या पाणपोई चालवत. वर्षानुवर्षं घागरी उचलून त्यांचं अंग बाहेर येऊ लागलं होतं. एकदा टाके घातले, ते टिकले नाहीत. आता धड उभंही राहवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा आतला आधार विरलाय. मेलेल्या माणसाने दान केलेल्या, मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी लावू. हळूहळू तुमचंच मांस तिच्यात भरत जाईल."

"सोमवारी ऑपरेशन आहे. नाही म्हणून कळवणार आहे मी," बाई म्हणाल्या. "जन्मात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. आणि हे... ज्याचे साधे आभारही मानता यायचे नाहीत..."

बाईंचा ताठा गावाला ठाऊक होता. कंबर वाकली, तरी तो काही वाकत नव्हता.

"पाणी पिणारे तुझं नाव विचारतात?" बुवांनी विचारलं.

"कशाला विचारतील? तहानेने जीव कासावीस झालेला असतो."

"तुला राग येतो?"

"राग कसला, बुवा? पाणी पिताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटतं."

बुवांनी डावा डोळा तळहाताने झाकला.

"जवळ ये. नीट बघ."

बुवांच्या उजव्या डोळ्यापुढे खोटं टिकत नाही, असं अख्खं गाव मानी. बाईही रोज त्याच नजरेपुढे डोकं टेकवत आल्या होत्या. वर मान करून बघायचं धाडस मात्र कधी झालं नव्हतं.

बुबुळाभोवती टाक्यांची बारीक, गोल खूण होती.

"बुवा, हा डोळा..."

"वरचा पडदा माझा नव्हे. तू इथे यायच्या आधीची गोष्ट. कुणीतरी जाताना देऊन गेलं."

बाईंच्या अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

"कोण होतं ते, बुवा? नाव काय त्यांचं?"

बुवा खाली नदीकडे बघत होते. पाण्यावर ऊन चकाकत होतं.

"विचारीन म्हणत होतो... बघतच राहिलो."