महाराजांचा बाडबिस्तरा

जांभूळगडच्या दरबारात त्या वर्षी मुजरे एकाएकी फार लवून होऊ लागले. सरदार वाकायचे ते थेट घोट्यापर्यंत, आणि एकदा वाकले की लवकर उठायचेच नाहीत! राजे भुजंगराव खूश.

"पाहा दिवाणजी, लोकांची निष्ठा कशी वाढलीय!"

दिवाण त्र्यंबकपंत काय बोलणार? तेही वाकलेलेच होते आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत होते.

खरी गोष्ट साऱ्या गडाला ठाऊक होती. महाराजांचा लाडका कुत्रा समशेर पिसवांनी भरला होता. नाव समशेर, पण मांजर दिसलं की स्वारी गादीखाली! तो महाराजांच्या गादीवर बसे, महाराजांच्या रजईत झोपे. त्याच्या अंगावरच्या पिसवा गादीत, गादीतल्या गालिच्यात आणि गालिच्यातल्या सरदारांच्या पायांवर उड्या मारत. महाराजांना मात्र एकही चावत नसे, कारण समशेर कायम त्यांच्या मांडीवर. समोर आवडीचं ताट वाढलेलं असताना शेजारी जेवायला कोण जातो?

शेवटी कुत्र्याची देखभाल करणारा कोंडिबा धीर करून म्हणाला, "महाराज, समशेरला पिसवा झाल्यात. एकदा कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालू का?"

"काय? राजाच्या कुत्र्याला?" महाराज असे कडाडले की समशेर गादीखाली गेला. "आंघोळीनं त्याला सर्दी होते! दिवाणजी, हुकूम लिहा. तो अभद्र शब्द जो कोणी उच्चारील..."

"कोणता शब्द, महाराज?"

"तोच! आता हा बोलला तो! तो शब्द जो उच्चारील, त्यानं त्याच दिवशी बाडबिस्तऱ्यासकट नदीपार व्हावं! मग तो कोणी का असेना!"

पहिला मान अर्थातच कोंडिबाचा. बिचारा घरी येऊन रडत गाठोडं बांधू लागला. उभी हयात गडावर गेलेली, नदीपार त्याच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्याची मुलगी हौसा म्हणाली, "आबा, गाठोडं बांधा, पण गाठ जरा सैल ठेवा." आणि ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझा बाप खोटं बोलला असंल तर मीबी त्याच्यासंगं जाते. पण खरं निघालं तर?"

"खरं?" महाराज हसले. "समशेरला बोट न लावता, दिवस मावळायच्या आत तो शब्द माझ्याच तोंडून वदवून दाखव! जमलं तर मागशील ते देईन."

दरबार हळहळला आणि त्यानं हळूच खाजवून घेतलं.

"बरं महाराज. आपण फक्त घटकाभर गादीवरनं उठायचं नाही आणि मांडीवरचे हात हलवायचे नाहीत. एवढं जमंल ना?"

"न जमायला काय झालं? गडावर तसलं काही नाहीच मुळी!"

हौसानं पदराची गाठ सोडून एक मोठं हाडूक काढलं आणि दाराबाहेर अंगणात भिरकावलं. समशेर मांडीवरून उडी मारून जो पळाला, तो मागे वळून बघेना. हौसानं दार लावून घेतलं.

झालं! ताट उठलं आणि पंगत सरकली.

आधी महाराजांची भुवई उडाली. मग उजवा पाय डाव्या पायावर घासू लागला.

"काय झालं, महाराज?"

"काही नाही! मुंगी असेल."

थोड्या वेळानं मान खांद्यात गेली. पोट आत गेलं. कपाळावर घाम आला.

"महाराज, घाम?"

"उकडतंय जरा!"

"पौष महिना हाय, महाराज!"

आणखी दोन क्षण महाराजांनी दात आवळून काढले. मग ताडकन उठले, हौसासमोर कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी घोटे ओरबाडत ओरडले, "मेलो! पिसवा! अरे, गादीभर पिसवा!"

हौसा दोन पावलं मागे सरकली.

"राहू द्या महाराज! गरिबाच्या पोरीला एवढा लवून मुजरा कशाला?"

महाराज वाकलेलेच राहिले. इतके महिने लोकांची निष्ठा कुठून वाढत होती, ते त्यांना आत्ता कळलं.

"दिवाणजी, हुकूम वाचता का?" हौसा म्हणाली.

त्र्यंबकपंतांनी चाचरत वाचला. "...मग तो कोणी का असेना."

"म्हणजे मी नदीपार?" महाराजांचा चेहरा एवढासा झाला.

"बाडबिस्तऱ्यासकट! गादी, रजई, लोड, गालिचे, समदं! खोळी उकळत्या पाण्यात, बाकीचं दिवसभर उन्हात. समशेरबी आपल्या बिस्तऱ्यातलाच, त्याला कडुलिंबाचं पाणी आणि बारीक फणी. गड रिकामा झाला की आम्ही फटी न् फटी झाडून काढतो."

"अगं, पण माझं राज्य? मी परत कधी यायचं?"

"हुकमात नदीपार जा एवढंच हाय. परत येऊ नका, असं कुठं लिवलंय? आणि माझं मागणं एवढंच, आबांना गडावरच राहू द्या."

दाराशी गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या कोंडिबानं ती सैल गाठ तिथंच सोडली.

महाराज पंधरा दिवस नदीपार तंबूत राहिले. रोज स्वतःच्या हातानं समशेरला फणी करत. आंघोळीनं समशेरला सर्दी झाली नाही, महाराजांना झाली. ते शिंकत परत आले, तेव्हा सरदारांनी मुजरे केले ते अगदी आटोपशीर. महाराजांना थोडं वाईटच वाटलं!

"पोरी," ते हौसाला म्हणाले, "तू मला माझ्याच राज्याबाहेर काढलंस!"

"छ्या, महाराज! आपण नुसते सोबतीला गेलात. बाहेर काढली ती आपली फुकटी बिऱ्हाडं!"

महाराज इतके खदखदून हसले की समशेर पुन्हा गादीखाली गेला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि साऱ्या दरबारासमोर तिच्यापुढे कमरेत वाकले.

"हा घे तुझा मुजरा! आणि नीट बघ, या खेपेला मी खाजवत नाहीये!"