कॉलेजकुमार दौलतशेट

कोल्हापुरात पटकथा लिहिणारे पुष्कळ, पण न खपणारा एकच, तो म्हणजे आपला बाजी खटावकर. दर पाडव्याला नवी पटकथा घेऊन तो निर्माते दौलतशेटांच्या दारात जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. चहा मात्र फक्कड असे.

यंदा शेटना गोष्ट आवडली. बाजीला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात शेट केसांचा टोप सारखा करत म्हणाले, "कॉलेजातला हिरो मीच होणार. साठीचा माणूस पहिल्या वर्षाला कसा, ते पब्लिकला पटवून दे. नाहीतर घे बाड आणि चालू पड!"

बाजीनं डोकं खाजवलं. "सोपं आहे शेट. हिरो चाळीस वर्षं पहिल्याच वर्षात नापास होतोय."

शेट भडकले. "गाढवा, इतक्यांदा आपटून पुन्हा त्याच दारात जाणारा येडा कुठं असतो का? कुणाला पटेल?"

बाजीनं हात जोडले. "शेट, मग तुमच्यासमोर कोण उभाय?"

शेट असे हसले की टोप चहात पडला, आणि कॉलेजकुमारही तिथंच बुडाला. हिरो तरणा पोरगा झाला, पडद्यावर लेखक म्हणून बाजीचं नाव लागलं. गोष्टीत राहिलेल्या नापास म्हाताऱ्याचं काम मात्र शेटनी बाजीलाच दिलं. म्हणाले, "तुला तालीम लागणार नाही!"