पत्र्याला लावलेलं मेण

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्याच घराला भिऊ लागला. गाव विदर्भातलं, चैत्र सरत आलेला. घर बापजाद्यांचं, मातीच्या भिंती दोन हात जाड, वर मात्र पत्रा. त्याची लेक कुंदा पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या सासूने निरोप धाडला होता, "त्या भट्टीत मी सून पाठवायची नाही. अक्षय तृतीयेला भर दुपारी स्वतः येऊन बसते, मग ठरवते."

उरले पंधरा दिवस. व्यापाऱ्याची बायको डोळ्याला पदर लावून बसली. घरात दोन कूलर होते, आणि शहाणा व्यापारी दारं-खिडक्या घट्ट लावून ते चालवायचा. त्याने घर थंड होत नाही, नुसतं चिकचिकतं. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते. एवढं साधं कळत नाही, आणि हा गडी तिसरा कूलर आणायला निघाला! बायकोने अडवलं, "आधी वस्तादाला दाखवा."

वस्ताद म्हणजे गावातला वृद्ध गवंडी. ज्ञानी माणूस, पण फाटक्या तोंडाचा. शिष्याला घेऊन तो दुपारी दोनला आला. आल्याबरोबर कूलर, पंखे सगळं बंद केलं आणि मेणबत्ती मागितली. मेणाचे चार सारखे गोळे वळले. एक पश्चिमेच्या भिंतीला, एक दाराला, एक खिडकीच्या चौकटीला. चौथा शिष्याने शिडीवर चढून पत्र्याला चिकटवला. बरोबर त्याच्या खाली पाट टाकून म्हातारा मांडी घालून बसला.

"हा गवंडी आहे का मांत्रिक?" व्यापारी बायकोच्या कानात पुटपुटला.

"गप बसा शेठ," वस्ताद म्हणाला. "घरात गरम वाफ आधीच पुष्कळ आहे."

थोड्या वेळात पत्र्याचं मेण पाघळलं आणि टपकन म्हाताऱ्याच्या टकलावर पडलं. बाकीचे तीन गोळे जिथल्या तिथे. व्यापारी पोट धरून हसला. शिष्य मात्र चक्रावला.

"वस्ताद, पत्रा तापतो हे शेंबड्या पोरालाही कळते. मग मेण कशाला? अन् खाली तुम्ही काहून बसले?"

म्हाताऱ्याने टकलावरचं मेण नखाने खरवडलं. "कळते ना सगळ्यांना? मग शेठ बारा वर्षं खिडकीलाच पडदे काहून लावून राहिले? कळणं वेगळं अन् पोळणं वेगळं, गड्या. आता खाली मी काहून बसलो ते ऐक. या घरावर कवेलू होती, मातीची कौलं, अन् खाली बांबूचं तट्टं. माकडं दरसाल कवेलू फोडत, दरसाल ती उतरवून नव्यानं फेरावी लागत. शेठला कटकट झाली, चकचकीत पत्रा पाहिजे झाला. कवेलू उतरवून पत्रा ठोकला कोणी? मी. 'शेठ, घर तापेल' हे शब्द घशापर्यंत आले होते. गिळले. काम भेटत होतं ना! माझ्या मुकेपणाचा चटका बारा वर्षं यांनी सोसला. एक दिवस मलाही बसू दे."

व्यापाऱ्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"अन् तुम्ही शेठ, छत्री न उघडता पावसात उभे राहाल, तर कितीक पंचे पुरतील अंग पुसायला? आधी उन्हाची वाट बंद करा. मग थंडावा मागवा."

दुसऱ्या दिवसापासून गुरू-शिष्य कामाला लागले. पत्र्यावर चुन्याचे तीन हात दिले. पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूचं तट्टं बांधलं, ते शेणमातीने लिंपलं. पोकळीतली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके ठेवले. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावली. एक कूलर ओसरीत नेऊन ठेवला. दुसऱ्याच्या समोरची खिडकी उघडली.

अक्षय तृतीयेला दुपारी दोनच्या ठोक्याला विहीणबाई आल्या. "बघू तुमची भट्टी," म्हणून खाटेवर टेकल्या. पन्ह्याचा पेला रिकामा केला. नणंदेची कुठलीशी तक्रार सांगायला घेतली, ती अर्ध्यावरच राहिली. मान कलली, आणि विहीणबाई घोरू लागल्या. व्यापारी आणि त्याची बायको श्वास रोखून ताटीवर पाणी शिंपडत राहिले.

चार वाजता जाग आली. "चांगला गाढ डोळा लागला हो! कूलर झकास आहे तुमचा. कुठून आणला?"

व्यापाऱ्याची बायको या क्षणासाठी पंधरा दिवस जगली होती. "विहीणबाई, कूलर बंद आहे. तुम्ही पन्हं घेत होत्या तेव्हाच लाइन गेली, अजून यायची आहे."

विहीणबाईंनी कूलरकडे पाहिलं, मग छताकडे. "सोमवारी पाठवते पोरीला," त्या म्हणाल्या. "अन् त्या गवंड्याला आमच्याकडे धाडा. आमच्याही घरावर पत्राच आहे."

वैशाखात कुंदाचं बाळ दवाखान्यातून त्या घरात आलं, आणि बाहेर कावळे चोच वासून बसले असताना भर दुपारी पाळण्यात निवांत झोपलं. वस्तादाने पाळण्यात डोकावून पाहिलं. "आता टकलाची आग थांबली," एवढंच म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने कवेलू उतरवून पत्रा ठोकायला शिष्याला बोलावलं. कामाची त्याला गरज होती. तरी शिडी लावण्याआधी त्याने खिशातली मेणबत्ती काढून गिऱ्हाइकासमोर ठेवली आणि म्हणाला, "काका, घर तापेल. आधी ऐकून घ्या, मग सांगाल ते करतो."